एड्सवाल्या बाई

तोंडाला रुमाल बांधून कुणी तपासणीच्या खोलीत शिरलं की बाई आधी म्हणत, "रुमाल काढा. इथं कुणी चोर नाही." भिवंडीच्या सरकारी दवाखान्यातल्या त्या समुपदेशक. गाव त्यांना एड्सवाल्या बाई म्हणे. फोन आला की त्याही म्हणत, "हो, एड्सवालीच बोलतेय."

मी तेव्हा जवळच्या वळ गावातल्या गोदामात सुपरवायझर होतो. मित्रांबरोबर एका धंदेवालीकडे गेलो होतो, निरोध न वापरता. लग्न दीड महिन्यावर आलेलं. त्यानंतर बाराव्या दिवशी या बाईंसमोर बसलो आणि भिंतीकडे बघत सगळं सांगू लागलो.

"भिंतीला नको, मला सांगा," त्या म्हणाल्या.

त्यांनी समजावलं, की एकदा गेल्यानं लागण होतेच असं नाही आणि होत नाही असंही नाही. आज रक्त देऊन त्या दिवसाचं काही कळणार नाही, तीन महिन्यांनी पुन्हा द्यावं लागेल. गरमीचीही, म्हणजे सिफिलिसचीही, तपासणी करायची. तोवर निरोधाशिवाय संबंध नाही, रक्तदान नाही. मी म्हणालो, पत्रिका छापल्यात. "पुन्हा छापा," त्या म्हणाल्या.

मी तिथं गेल्याचं कुणीतरी काकांच्या कानावर घातलं. काका पंचायतीचे माजी सदस्य. दोघांना घेऊन ते दवाखान्यात गेले आणि पुतण्या कशाला आला होता, असं विचारू लागले. पुढचं मला तिथल्या आयाबाईनं सांगितलं. बाई म्हणाल्या, "इथं कोण येतं, ते मी माझ्या नवऱ्यालाही सांगत नाही." काकांनी वर तक्रार करायची धमकी दिली. बाईंनी कागद-पेन पुढं सरकवलं. "लिहा. माझं नाव नीट लिहा."

ते ऐकून मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी वज्रेश्वरीला जाऊन सुनंदाला, माझ्या होणाऱ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला त्या बाईंना भेटायचंय." मला बाहेर बसवून बाई तिच्याशी अर्धा तास बोलल्या. घरी जाऊन सुनंदानं वडिलांना सांगितलं, की लग्नाची तारीख पुढं ढकला, मी म्हणते म्हणून. खरं कारण तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तीन महिन्यांनी दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले. मी बाईंच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी हातात निरोधची पाकिटं ठेवली.

काकांची तक्रार मात्र वरपर्यंत पोचली होती. वर्ष संपलं तेव्हा बाईंचा करार वाढवला नाही. निरोप घ्यायला गेलो तर त्या कपाट आवरत होत्या. माझ्यामुळे झालं, असं मी म्हणालो. "पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन," एवढंच त्या बोलल्या.

पुढं आमच्या लग्नानंतर सुनंदाचा भाऊ, जो ट्रक चालवतो, माझ्यासारखीच चूक करून घाबरून आमच्याकडे आला. आम्ही त्याला घेऊन दवाखान्यात गेलो, तर खोलीला कुलूप. जागा रिकामी आहे, नंतर या, असं शिपायानं सांगितलं. भाऊ परत फिरला. सुनंदानं त्याचं मनगट धरलं आणि दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांच्या केबिनचं दार ढकललं. तपासणी आज कुठे होईल, असं तिनं सगळ्यांदेखत विचारलं. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.