अकरा जणांचा उजेड

आमच्या तुलवेत गावात सगळ्यांना ठाऊक होतं, की सलीना चेलांगातच्या गाडीत अंधार पडला की तिचा मेलेला नवरा येऊन बसतो. स्टिअरिंगच धरतो म्हणे. म्हणून सूर्य टेकला की ती गाडी असेल तिथे लावते आणि उरलेली वाट चालत घरी येते. दूधवाल्या मामांनी तर त्याची टोपीसुद्धा पाहिली होती.

सलीना माझी आत्या. मी तिच्याच घरी राहते, तेव्हा माझं ऐका. आतोबांना जिवंतपणी सायकल धड चालवता आली नाही, मेल्यावर गाडी कोण शिकवणार? भानगड दिव्यांची होती. पुढच्या काचा म्हाताऱ्याच्या डोळ्यासारख्या पिवळट झालेल्या आणि आतले बल्ब म्हणजे दोन काजवे. दिवा लागलाय की नाही हे बघायला खाली उतरून काचेपुढे हात धरावा लागायचा.

आमच्या थांब्यावरून मोलोच्या बाजाराला गाड्या जातात, आणि थांब्यावर रांगा दोन. पहाटे चारला बटाटेवाल्या बायका पोती घेऊन उभ्याच असतात. गाडी दहा मिनिटांत भरते. दुपारच्या रांगेत पाच तास थांबलं तरी भरत नाही, आणि भरल्याशिवाय निघायचं नाही हा नियम. गाडी सोडून कुठे जावं तर नंबर जातो. आत्या दोन वर्षं त्या रांगेत बसून होती, एक पाय दाराबाहेर, एक आत. "तुरुंगात निदान जेवण तरी देतात गं," म्हणायची.

रांगा ठरवायचे थांब्याचे अध्यक्ष, मुताई. प्रत्येक वाक्याआधी दोनदा खोकायचं आणि टोपी पुढे ओढायची, ही त्यांची रीत. एप्रिलमध्ये पहाटेच्या रांगेतली एक जागा रिकामी झाली, तेव्हा आत्या त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"खुं खुं. सलीना, दिवे नाहीत, पहाट नाही."

"दिवे बसवते."

"खुं खुं. मग शुक्रवारी पहिली गाडी तुझी. पाचच्या आत मोलोत माल उतरला, तर जागा तुझी. नाहीतर दुपार. आणि परत विचारायला यायचं नाही."

मधे डोंगर आहे, डोंगरावर जंगल आहे आणि जंगलात धुकं मुक्कामाला असतं. घरी आल्यावर मी म्हटलं, "आत्या, हे काही जमायचं नाही."

"लाव पैज."

"लावली. मी जिंकले तर वर्षभर मला पुढची सीट." घरचं माणूस म्हणून मला कायम डिकीत, पोत्यांच्या मधे बसवतात.

"आणि हरलीस, तर माझ्यामागे त्या मुताईची जी नक्कल करतेस ना, ती थांब्यावर करायची. त्याच्या तोंडावर."

मी हसून हो म्हटलं.

सोमवारी आत्या नाकुरूला जुगुना मिस्त्रीकडे गेली. जुगुना मिस्त्री बल्ब विकत नाही, मुलीचं स्थळ सांगितल्यासारखा बोलतो. "मॅडम, हा बल्ब नव्हे. हा सूर्य! दुधासारखा पांढरा. सशाच्या मिशा मोजाल!" त्याने काचा घासल्या, जुन्या बारीक तारा काढून जाड घातल्या, सूर्य बसवले आणि दुकानासमोरच्या भिंतीवर उजेड पाडून दाखवला. भिंतीवरची मुंगी दिसत होती. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मंगळवारी ती मुद्दाम मोलोहून संध्याकाळी सात वाजता निघाली. पाच जणांच्या गाडीत अकरा माणसं, तीन पोती मक्याचं पीठ, आणि पोत्यांमधे मी. डोंगर चढेपर्यंत सगळ्यांनी दिव्यांचं कौतुक केलं. मग जंगल आलं, धुकं आलं, आणि समोर एक पांढरी भिंत उभी राहिली. वर झाडांचे शेंडे असे लख्ख, की माकडं उठून ओरडायला लागली. खाली रस्ता मात्र नाही. आत्याने गाडी थांबवली. पुढे जावं तर दरी कुठे ते माहीत नाही, मागे वळावं तर तेच. डिकीचं दार आतून उघडत नाही. माझा गुडघा माझ्याच कानाला लागलेला. अर्धा तास तसेच. कुणी प्रार्थना म्हणत होतं, कुणी मिस्त्रीच्या आईची आठवण काढत होतं.

समोरून एक म्हातारा ट्रक पिवळ्या दिव्यांनी रांगत आला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "बाई गं! धुक्यात दूध ओतलंस होय? पिवळे लाव, पिवळे! आणि रस्त्यावर लाव, आभाळात कशाला?"

तो गेला. लोकांना उतरायचं होतंच; एकेक जण खाली उतरला. शेवटी मलाही सोडवलं. आणि आत्या एकदम ओरडली, "थांबा!" माणसं उतरली तसा उजेड झाडांवरून सरकत सरकत रस्त्यावर आला होता.

"चढा परत."

"काय?"

"चढा म्हणते ना!"

चढलो. गाडीचं बूड खाली बसलं, नाक वर झालं, उजेड माकडांकडे. "उतरा." उजेड रस्त्यावर. तीनदा करायला लावलं तिने. तापसाबेई आजी म्हणाल्या, "सलीना, तुझा नवरा आला का गं अंगात?"

मिस्त्रीने दिव्यांचा रोख गाडी रिकामी असताना लावला होता. आमच्याकडे रिकामी गाडी असते कुठे!

त्या रात्री आम्ही गाडीच्या पुढे हातात बॅटरी घेऊन घरी चालत आलो, आणि बुधवारी आत्याने सूर्य परत करून पिवळे, साधे पण जोरकस बल्ब आणले. गुरुवारी संध्याकाळी तिने गाडी चर्चच्या भिंतीसमोर लावली, भिंतीवर खडूने रेघ मारली आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला धरून आत कोंबलं.

"कुठे चाललोय आपण?" तापसाबेई आजींनी विचारलं.

"कुठेच नाही. हलू नका."

एक तास! अकरा माणसं, तीन पोती बटाटे, बंद काचा, आणि आत्या बाहेर पेचकस घेऊन दिव्याचा स्क्रू केसाएवढा फिरवतेय. "सलीना, माझा पाय कुणाच्या तरी खिशात आहे." "कुणी श्वास सोडू नका, उजेड हलतो!" अखेर उजेड रेघेवर टेकला.

शुक्रवारी पहाटे चारला पोती लादली, बायका बसल्या. आत्याने मोजलं. दहा. एकीच्या मुलाला ताप आला होता. उजेड चाकापुढे चार हातांवर गळून पडला होता. त्या उजेडात चपला शोधता आल्या असत्या, रस्ता नाही. अध्यक्ष टोपी ओढून घड्याळ बघत होते.

मी भिंतीला टेकून उभी होते. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी मनात स्वतःला म्हटलं, चेबेट, नुसती उभी राहा. वर्षभर पुढची सीट! पण तिचा एक पाय दाराबाहेर होता आणि एक आत, दुपारच्या रांगेतल्यासारखाच.

मी डिकीत चढले. माझ्या बावन्न किलोंनी उजेड उचलला आणि बरोबर रस्त्यावर ठेवला. मागून दार लागलं. जंगलात धुकं होतंच; डिकीतून मला ते दिसलं नाही, फक्त आत्याचा आवाज आला, "दिसतंय गं, दिसतंय!" पाचला दहा कमी असताना मोलोत बटाटे उतरले.

जागा आत्याला मिळाली. आता रोज तीनला उठायचं, आणि एक जरी कमी पडली तरी अकरावी मी. सुट्टीतसुद्धा.

त्या शुक्रवारी दुपारी, पैजेप्रमाणे, थांब्यावर सगळी माणसं गोल करून उभी राहिली. अध्यक्ष मुताई माझ्यासमोर, हाताची घडी घालून. मी दोनदा खोकले. "सलीना, दिवे नाहीत, पहाट नाही."

कुणी हसेना. अध्यक्षांनी डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली.

"खुं खुं. टोपी ओढायची राहिली. पुन्हा कर."