ताण तुटलाच नाही

"मॅडम, ताण तोडला न मी! मोबाइलवर बटन दाबलं. पण तुमचा डबा पाणी सोडूनच नाई राहिला!"

सुधाकरभाऊंचा फोन. जामसांवली रस्त्याला त्यांची संत्र्याची बाग आहे. मी पांढुर्ण्यात एका ठिबक कंपनीची फील्ड ऑफिसर. त्यांच्या बागेत आमचा डबा बसवला होता. डब्याचं काम साधं. जमिनीतला ओलावा मोजायचा, जमीन कोरडी झाली की मोटर सुरू करायची.

ताण म्हणजे काय ते सांगते. आंबिया बहारासाठी, म्हणजे थंडी सरता येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, संत्र्याचं पाणी थंडीत मुद्दाम बंद ठेवतात, तो ताण. पानं मलूल पडतात. मग पाणी देऊन ताण तोडला की झाड फुलावर येतं. पाणी द्यायला उशीर झाला तर पानं गळतात, बहार हातचा जातो. डब्याला हे कुठून कळणार? कोरडी जमीन दिसली की तो पाणी सोडणारच. म्हणून कंपनीच्या पुण्याच्या इंजिनिअरच्या मागे लागून मी ॲपमध्ये ताण सुरू-बंद करायचं बटण करून घेतलं. नवा प्रोग्राम आला, मी तो ताणाच्या सुरुवातीलाच डब्यात टाकला. पाणी बंद झालं. सगळे खूश.

आता ते सुरूच होईना.

बसने सौंसर गाठलं, तिथून बागेत. इंजिनिअरला फोन लावला.

"मॅडम, कोड टेस्टेड आहे. सेन्सर खराब असेल."

सेन्सर बदलला. काही नाही.

"मग शेतकऱ्याला ॲप वापरता येत नसेल."

माझं डोकंच फिरलं. या वेळी बटण मी स्वतः दाबलं होतं.

छिंदवाड्याच्या आमच्या साहेबांना फोन करून विचारलं, "सर, डबा काढून मोटर डायरेक्ट जोडू का?"

"अरे नको, वॉरंटी जाईल! तिकीट टाका." तिकीट म्हणजे कंपनीच्या वेबसाइटवरची तक्रार.

"सर, झाडं सुकून राहिली."

"तिकीट टाकलं का?"

सुधाकरभाऊ बांधावरून हे ऐकत होते. "विहिरीत पाणी हाय, लाइन हाय, मोटर हाय. अन् माह्याच झाडाले पाणी द्याले पुण्याची परवानगी पायजे? मी तारा तोडतो आता!"

"भाऊ, जरासं थांबा," मी म्हटलं. मी काय करणार होते ते मलाही माहीत नव्हतं.

याच साहेबांनी आम्हा फील्डवाल्यांना प्रोग्रामिंगचा ऑनलाइन कोर्स सक्तीने करायला लावला होता. उदाहरणं सगळी पिझ्झाच्या ऑर्डरची. शिकवणारा दर वाक्याला "व्हेरी सिंपल" म्हणायचा, आणि मी मनातल्या मनात त्याला शिव्या द्यायची. पण डब्याचा प्रोग्राम माझ्या लॅपटॉपमध्ये होता. उघडला आणि ओळ न् ओळ वाचत बसले.

सापडलं. ताण सुरू असेल तर पाणी बंद ठेव, अशी ती ओळ. प्रोग्राममध्ये 'ताण सुरू आहे का?' असं विचारायचं असेल तर बरोबरचं चिन्ह (=) दोनदा लिहितात. एकदाच लिहिलं तर ते विचारणं राहत नाही, हुकूम होतो: 'ताण सुरू कर.' इथे चिन्ह एकच होतं. आम्ही कितीही वेळा ताण बंद केला, तरी डबा स्वतःच तो पुन्हा सुरू करत होता.

परत पुणे.

"ताण सुरू करून टेस्ट केलं होतं?"

"हो, पाणी लगेच बंद झालं."

"मग ताण बंद करून पाहिलं?"

तो म्हणाला, "ते स्कोपमध्ये नव्हतं, मॅडम."

मी फोन ठेवला. कोणाला न विचारता दुसरं चिन्ह टाकलं, केबल लावून प्रोग्राम डब्यात चढवला आणि ताण बंद केला. मोटर सुरू झाली. सुधाकरभाऊ शेवटच्या ओळीपर्यंत चालत गेले, नळीखाली हात धरून पाहिला आणि ओरडले, "आलं!" मग परत येऊन विचारतात कसे, "पुढच्या ताणाले बंद होईन ना पण?" तेही करून दाखवलं. त्यांनी पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं.

बाग फुलली. वरच्या हलक्या जमिनीतली झाडं मात्र पानगळीत गेली, तिथे फूल विरळच राहिलं. परवानगीशिवाय प्रोग्राम बदलल्याबद्दल कंपनीने माझ्याकडे खुलासा मागितला. त्यानंतर सगळ्या बागांसाठी नवा प्रोग्राम आला. त्यात चिन्हं दोन होती.

कोर्सचा कसा फायदा झाला, हे साहेब आता दर मीटिंगमध्ये सांगतात. झाला, नाही कशाला म्हणू? पण नवं काही आलं की मी ते आधी चालू करून पाहते, मग बंद करून, तेही शेतकऱ्यासमोर. पुण्याहून कोणी "टेस्टेड आहे" म्हणालं, तर दोनदा.