नामाच्या रजिस्टरातला रघू खलाशी

दुसरबीडच्या स्टँडवर पुन्याच्या गाडीत बसलो तवा माह्याजवळ एक पेटी होती, एक गोधडी होती अन बापानं देल्लेली ताकीद होती. "तिकडं तोंड बंद ठेवजो. तू बोलला की लोकायले कळते, ह्याच्या घरात कोनी शिकेल नाही." माह्या दोस्त नामा खिडकीखाली उभा होता, भजे खात. मी म्हनलं, "लेका, रजिस्टर दे न मले. तिकडं करमनार नाही." तं म्हने, "तुले देलं तं तू त्याच्यात हेच भजे बांधशीन." गाडी हालली. मी रडलो, तो भजे खात घरी गेला.

गावात राह्यले त्यायले रजिस्टर माहीत हाय. बाहेर गेलेले विसरले असतीन, त्यायच्यासाठी सांगतो. मी गावच्या ग्रुपसाठी मोबाईलात बोलून राह्यलो, मोबाईल लिहून राह्यला. चुकलं तं त्याच्यावर ढकलजा.

नामाच्या बापाची स्टँडवर चहाची हाटेल. तिथं पेपर ये, अन पेपरात रोज कप्तान मकरंदाची चार चित्रं. जहाज, तलवारी, बेट, समुद्र. आमच्या इकडं नाल्याले पानी आलं तं लोक पाहाले जात, अन आम्ही पोरं समुद्रावर भांडत बसू. नामा चित्रं कापे. मी गव्हाच्या पिठाची खळ शिजवून जुन्या रजिस्टरात डकवू. शाळेचा अन माह्या संबंध शाळेच्या भिंतीपुरता, तोही मुताले. पन चित्र पाहाले काय लागते? डोळे लागते.

एका उन्हाळ्यात नामा मामाकडं साखरखेर्ड्याले गेला अन कात्रनाचा गठ्ठा माह्याकडं देऊन गेला. मी एकट्यानं सारा डकवला. चित्राच्या कोपऱ्यात आकडा राहे. मले वाटे, पेपरचा भाव असन. मले ज्याच्यामागं जे शोभलं ते मी लावलं. नामा आला, पानं उलटली, माह्याकडं पाह्यलं.

"तू एकट्यानं लावलं का बे?"

"हाव."

"मस्त लावलं."

मंग आठ दिवस तो शाईचा पेन घेऊन रजिस्टरात लिहीत बसला. मी विचारलं तं म्हने, "पानायले नंबर टाकून राह्यलो." मंग हाटेलात बसून साऱ्यायले वाचून दाखोलं. रघू खलाशी म्हंजे कप्तानाचा जिवलग दोस्त. रघू बेटावर पडते, उठते, जहाज वाचोते, अन शेवटी दोघं एका ताटात जेवते. ड्रायव्हर-कंडक्टरनं चहा गार केला, पन उठले नाही.

पुन्यात मी सोसायटीचा वॉचमन. रविवारी सकाळी क्लबहाऊसमदी पाच-सहा रिटायर लोक जमते, कप्तान मकरंदाचे भक्त. मी चहा नेऊन देतो. वाद एकच, पह्यला चित्रकार भारी का दुसरा. एक म्हनते पह्यल्याच्या लाटायले जीव हाय, दुसरा म्हनते दुसऱ्याच्या तलवारीले वजन हाय. एका एका लाटेवर तास तास. ज्याले दुसऱ्याचं आयकाचं नाही तो आधी कान खाजोते. एवढे शिकेल लोक अन पोरं बिस्किटावर भांडते तसे भांडते.

एक दिवस एका चित्रावर गाडी अडली. माह्यं तोंड उघडलं. "हे दुसऱ्याचं हाय सायेब. ह्याचे मानसं कानानं मोठे राह्यते." त्यायनं भिंग लावून कान मोजले. त्या दिसापासून मी त्यायचं माकड झालो. पाहुना आला की बलावत, "गजानन, हे कोणाचं सांग." मी सांगू. ते टाळ्या वाजवत. अन मले, लाज नसलेल्याले, ते आवडे.

मंग वाद निघाला रघूचा. देशपांडे सायेब, त्यायच्यातले मोठे, म्हनले रघू गद्दार होता. मी म्हनलं, "सायेब, रघूनं जहाज वाचोलं. आमच्या गावात रजिस्टर हाय." सारे फिदीफिदी हासले. "मग आण की तुझा ग्रंथ!"

मी नामाले फोन केला. आता हाटेल तोच चालोते. म्हने, "नेऊन दाखव, पन परत आन बे. माह्या नातीले वाचून दाखोतो. तिले त्याच्याशिवाय झोप येत नाही." ड्रायव्हरच्या हातानं धाडलं.

देशपांडे सायबानं रजिस्टर उघडलं अन हासू लागले. "अरे, हे सगळं उलटसुलट चिकटवलंय! रघू आधी मरतो, मग जहाजाला भोक पाडतो!" मंग चित्रायच्या मधातलं नामाचं शाईचं अक्षर मोठ्यानं वाचू लागले. "'रघू मेला नव्हता, त्याला भोवळ आली होती.' आणि हे ऐका, 'रघूने जहाजाला भोक पाडले, कारण आत शिरलेले पाणी बाहेर जायला पाहिजे.'" लोक पोट धरून हासले. सगळ्यायपेक्षा मोठ्यानं कोन हासलं? मी.

सायेब म्हनले, पह्यल्या चित्रकाराची ही कात्रनं आता कुठीच भेटत नाही. पान्यात भिजवून सोडवू, नंबरानं लावू, आपलं मंडळ अंक काढते, त्याच्यात छापू. खाली लिहू, 'संग्रह : गजानन'. माह्यं नाव, छापेल! मी म्हनलं, "सोडवा की सायेब." परात मीच आनली. पानी कोमट मीच केलं. पानं माह्या हातानं बुडवली.

खळ सुटाच्या आधी शाई सुटली. नामाचं अक्षर निळं निळं होऊन पान्यात पसरलं. अन तवा, त्या परातीपाशी उकिडवं बसून, माह्या खोपडीत उजेड पडला. माह्या चुकीले जागा व्हावी म्हनून नामानं आठ दिवस बसून कथा जोडली होती. मले कोनी येडा म्हनू नये म्हनून मेलेला मानूस जिता केला होता. अन त्याच्यावर मी दात काढले. मले माह्याच तोंडाची किळस आली.

मी उरलेले कागद छातीशी धरले. "बस करा."

"अरे, निम्मं झालंय. आता अर्धवट कशाला?"

"बस म्हनलं न!" त्यायचे ते तोंडं पाहून अजून किळस. चित्रात मानूस मेला तं डोळे पुसनारे, अन इथं परातीत काय मेलं ते दिसलं नाही. पन परात कोनाची, पानी कोनाचं?

सुट्टी काढून गावी गेलो. नामापुढं ओला-सुका गठ्ठा ठेवला अन सारं सांगितलं, माह्यं हासनं बी. वाटलं तो दोन थापडा ठेवून देईन. त्यानं गिऱ्हाइकायले चहा देल्ला, मले नाही देल्ला. मी बाकड्यावर बसून राह्यलो. दुसऱ्या दिवशी बी तसंच. पुन्यात चूक झाली तं लोक हासते, अन हासले की आपन सुटलो. इथं सुटका नव्हती. माह्या हातून काय गेलं हे त्या हाटेलात एकाच मानसाले समजत होतं, अन तो माह्याशी बोलत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी नामानं गल्ल्यावरून शिव्या सुरू केल्या. माह्या बापापासून सुरू केल्या त्या माह्यापर्यंत आल्या. "रजिस्टर गेलं तवापासून नात धड झोपली नाही बे! काय सांगू तिले, रघू कुठी गेला? तू काऊन गप बसला? सांग न आता तिले तूच!"

सारे गिऱ्हाईक पाहून राह्यले होते. कोनी हासलं नाही. मी खाली मान घालून बसलो होतो, अन इतक्या वर्षात पह्यल्यांदा मले घरी आल्यासारखं वाटलं.