डब्यातला दादा

नांदेडच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला लागलो, तेव्हा त्या लॅबचा थाट देवघरासारखा होता. चपला बाहेर काढायच्या. पडदे कायम ओढलेले. कॉलेजातला एकमेव एसी तिथे, आणि तोही माणसांसाठी नव्हे, मशीनसाठी. उन्हाळ्यात प्राध्यापक मंडळी काहीतरी शंका काढून आत यायची आणि शंका फिटली तरी उठायची नाहीत. दसऱ्याला शिपाई मॉनिटरला हळदकुंकू लावायचा. एका वर्षी फ्लॉपीच्या फटीत झेंडूची पाकळी गेली, तर ती काढायला औरंगाबादहून माणूस बोलवावा लागला.

माझा थोरला भाऊ रेणापूरकडे आमची शेती बघतो. तो एकदा मुद्दाम ते मशीन बघायला आला होता. दारात हात जोडून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "ह्याला काय येतंय?"

"हिशोब येतो, दादा. बेरीज, वजाबाकी."

"ते मला बी येतंय की," दादा म्हणाला. "मग ह्यालाच गारवा कामून?"

मी त्याला आत घेऊन एसीसमोर बसवलं.

आता मी रिटायर झालोय. मध्यंतरी मी पत्त्याच्या पानाएवढा एक कॉम्प्युटर मागवला. स्वस्तातला, नुसती हिरवी पट्टी, वर ना झाकण ना काही. आमच्या त्या लॅबभर मशीनला जमलं नसतं ते ही पट्टी खिशात बसून करते. पण करून घ्यायचं काय, हा प्रश्न होता. मी तिच्याकडून बाल्कनीत येणाऱ्या चिमण्यांचे फोटो काढून घेतले. मग तुळशीच्या मातीत तारा खुपसून ओल मोजायला लावली. बायको म्हणाली, "तुळस सुकली का ते मला डोळ्यांनी दिसतंय. तुमच्या त्या पट्टीला एखादं खरं काम द्या."

खरं काम दादाने दिलं. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं, लातूरला. डॉक्टरांनी बजावलं, वजन उचलायचं नाही आणि ओरडायचं तर अजिबात नाही. वजनाचं दादाला काही वाटलं नाही. ओरडण्याचं ऐकून मात्र तो हबकला. हरभरा घाट्याला आला होता आणि वानरांच्या टोळ्या दिवसभर रानात उतरत होत्या. त्यांना पिटाळणारं एकच हत्यार आमच्याकडे होतं, दादाचा आवाज. पूर्वी त्याने रानातून बैलाला हाक मारली की वहिनी घरी चहाचं आधण ठेवायची.

"मी पडून राहिल्यावर वरडंल कोन?" दादाने विचारलं.

"तूच ओरडशील," मी म्हणालो. "नांदेडला ये. आवाज भरून घेऊ."

तो आला. आमच्या फ्लॅटच्या बैठकीत मी माईक लावला आणि समोर वानर आहे असं समज म्हणून सांगितलं. दादाने धोतर सावरलं, सोफ्याकडे बघितलं आणि ओरडला, "हाड! हाड तुझ्या मायला! थांब, दगड घेतो! हितं काय तुझ्या बापाचं हाय?" खालचा वॉचमन काठी घेऊन वर आला. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई दार किलकिलं करून माझ्या बायकोला खुणेने विचारत होत्या की पोलिसांना बोलवू का. बायकोने मान हलवून नको म्हटलं, पण जरा विचार करून.

वानरं लवकर सरावतात. म्हणून मी कॉम्प्युटरला सांगून ठेवलं, कॅमेऱ्यासमोर काहीही हललं की भरलेल्या आवाजांतला कुठलाही एक लाव, दर वेळी वेगळा. मी वायरींत गुंतलो होतो आणि माईक चालूच होता. तेवढ्यात दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "जेवलास का रे?" तेही भरलं गेलं.

दादाला लातूरला दवाखान्यात दाखल केलं, वहिनी त्याच्याजवळ थांबली आणि मी रानात गेलो. बांधावरच्या कडुलिंबाला तेलाचा रिकामा डबा टांगला. आत पट्टी, डब्याला पाडलेल्या भोकात कॅमेरा, वर देवळातला जुना भोंगा, बाजूला सोलरची छोटी प्लेट. एसीत पडद्याआड बसणारं ते मशीन आठवून मला उगाच अपराध्यासारखं वाटलं.

या लिंबाविषयी सांगायला हवं. तो आमच्या आणि आमच्या चुलतभावाच्या शेताच्या मधोमध आहे. हा चुलतभाऊ दादाच्या बरोबरीचा. दोघं एका ताटात जेवून वाढलेले. मग लिंबाची एक फांदी मोडून चुकीच्या बाजूला पडली, ती कुणाची यावरून वाजलं आणि बोलणं बंद झालं. अगदीच बंद नव्हे. सुरुवातीला दोघं आपापल्या बैलांशी बोलायचे. "काय रं, लोकांला लाज न्हाई म्हनायलास?" असं दादा आपल्या बैलाला विचारायचा आणि चुलतभाऊ पलीकडून आपल्या बैलाला उत्तर द्यायचा. असा त्यांचा बऱ्यापैकी संवाद होता. पुढे दोघांनी बैल विकून ट्रॅक्टरने शेती करायला घेतली. ट्रॅक्टरला काय सांगणार? तेव्हापासून खरा अबोला पडला.

मी आखाड्यावर, म्हणजे रानातल्या आमच्या खोपीत बसून मोबाइलवर कॅमेऱ्यातलं बघत होतो. वानरं आली. "हाड!" डबा कडाडला. टोळी पांगली. मला भरून आलं. थोड्या वेळाने ती परत आली. "दगड घेतो!" परत पांगली, पण या वेळी जरा सावकाश. तिसऱ्यांदा एक थोराड हुप्प्या हरभऱ्याचा आख्खा डहाळा घेऊन डब्यासमोरच बसला. डब्याने त्याला मायेने विचारलं, "जेवलास का रे?" हुप्प्याने वर बघितलं आणि खात राहिला.

मी आवाज काढून टाकायला उठणार, तेवढ्यात बांधावरून चुलतभाऊ येताना दिसला.

"हाड!" डबा म्हणाला.

चुलतभाऊ जागच्या जागी थांबला. "हाड कुनाला म्हनायलास?"

"हितं काय तुझ्या बापाचं हाय?"

"व्हय, हाय! माझ्या बी बापाचं हाय! ये, भाईर ये झाडामागून!"

"थांब, दगड घेतो!"

त्यानेही दगड उचलला. मी आखाड्यातून बाहेर पडायला हवं होतं, पण मी मोबाइलवरच बघत राहिलो. चुलतभावाने हात उगारला आणि डबा हळूच म्हणाला, "जेवलास का रे?"

त्याचा हात तसाच वर राहिला. मग सावकाश खाली आला. तो बांधावर बसला, दगड शेजारी ठेवला आणि झाडाकडे न बघताच म्हणाला, "न्हाई अजून."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात पोचलो, तर चुलतभाऊ दादाच्या खाटेशेजारी स्टुलावर बसलेला. मांडीवर जेवणाचा डबा. वहिनी भिंतीला टेकून पदराने तोंड झाकून उभी.

"तू इचारलास, म्हनून आलो. हितं हाईस ते गावात कळलं," तो दादाला सांगत होता. "एवढ्या वर्सांनी इचारलास. म्हनलं, आता मी कामून ताठून ऱ्हावं?"

"मी कवा इचारलो?" दादाने विचारलं.

"काल. रानात."

"काल मी हितं हाय, पोट फाडून घिऊन!"

"आवाज तुझाच व्हता. मी वळखत न्हाई का?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. पट्टी, माईक, डबा, भोंगा. चुलतभावाने शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली. "हे काय मला पटत न्हाई. मशीनला काय पडलंय, मी जेवलो का न्हाई ते?"

दादाला हसू फुटलं आणि टाक्यांना कळ लागली. हसता हसता तो कण्हू लागला, ते बघून चुलतभाऊ रडू लागला, आणि नर्सने येऊन विचारलं की पेशंट नक्की कोण आहे. डब्यात पिठलं-भाकरी होती. दादाला ती चालणार नव्हती. ती मी आणि चुलतभावाने खाल्ली, दादाने नुसती बघितली.

इथे थांबायला हवं होतं. पण चुलतभावाने धोशा लावला, "माझ्या रानात बी लाव. माझ्या आवाजात." मी दुसरी पट्टी आणली आणि त्याच लिंबाच्या त्याच्या बाजूच्या फांदीला दुसरा डबा टांगला.

वाऱ्याचा विचार मी केलाच नव्हता. वाऱ्याने एक डबा हलायचा. तो हललेला दुसऱ्याला दिसायचा आणि दुसरा ओरडायचा. मग त्या दुसऱ्याच्या हलण्यावर पहिला भडकायचा. तोवर दादा घरी येऊन हिंडू-फिरू लागला होता. ते दोघं आखाड्यात चहा पीत बसलेले आणि लिंबावर त्यांचं कडाक्याचं भांडण चाललेलं. बारकी वानरं हरभरा खात ऐकत बसायची.

रस्त्यावरून जाणाऱ्यांनी गावात खबर दिली, भावकी परत पेटली. तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष मोटारसायकलवर आले, मागे एक सभासद. ते थेट झाडाकडे गेले आणि हात वर करून म्हणाले, "हे बघा, वयानं मोठे हाव तुमी, जरा सबुरीनं—"

"हाड!" दादाचा डबा म्हणाला.

अध्यक्षांनी टोपी सारखी केली. "मी दोन्ही पार्ट्यांचं ऐकून घेनार हाय."

"दगड घेतो!" चुलतभावाचा डबा म्हणाला.

सभासदाने तेवढ्यात खालून डब्यात डोकावून बघितलं होतं. त्याने अध्यक्षांची बाही ओढली. अध्यक्ष वळून आखाड्याकडे आले. चहाचे कप हातात घेतलेले दोघं म्हातारे बघून ते एकदा त्यांच्याकडे आणि एकदा झाडाकडे बघू लागले.

"आमी काय करावं?" चुलतभाऊ कळवळून म्हणाला. "दोगं बी ऐकत न्हाईत."

"तुमी तरी समजावून बगा," दादा म्हणाला.

शेवटी मीच गेलो आणि दोन्ही डब्यांच्या वायरी ओढल्या. रान एकदम गप्प झालं. वानरांनी खाणं थांबवलं, माना वर केल्या, एकमेकांकडे बघितलं आणि काय वाटलं कोण जाणे, सगळी टोळी घाबरून उधळली ती पार ओढ्यापलीकडे.