पाच बाइटांचं शून्य

जगातली सगळी भांडणं माणसं आडवळणानं बोलतात म्हणून होतात, आणि प्रोसेसरशी बोलावं तसं आपण एकमेकांशी बोललो तर कोर्टं ओस पडतील, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. खारघरला त्यांच्याकडे जावं तर चहाचा कप हातात येण्याआधी असेंब्ली भाषा सुरू होते. प्रोसेसरला कळतात फक्त आकडे. त्या आकड्यांना 'मूव्ह', 'अ‍ॅड', 'जंप' अशी नावं ठेवली ती माणसांनी, आपल्या सोयीसाठी. साडूंना ती सोयही नको असते. ते नुसते आकडे वाचतात आणि वाचता वाचता हसतात. एकदा मी "का हसलात?" असं विचारायची चूक केली आणि माझी जेवणाची वेळ टळून गेली.

हे वेड त्यांच्या संसारातही शिरलं आहे. चौसष्ट बिटांचा मोठा आकडा हाताळायचा असेल तर बऱ्याच आज्ञांच्या आधी 'चार-आठ' लावावा लागतो. म्हणजे सावध, आता मोठं काम येतंय. आमचे सासरे काही गंभीर बोलण्याआधी घसा खाकरतात. ते खाकरले की साडू माझ्या कानात पुटपुटतात, "चार-आठ." त्यापायी मी सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या बातमीला फिस्सकन हसलो आहे. तसंच 'नऊ-शून्य' म्हणजे काहीही न करता पुढे चला. त्यांच्या सोसायटीच्या सभेत इमारतीला जांभळा रंग देण्याची सूचना आली, तेव्हा हे मागून ओरडले, "नऊ-शून्य!" सेक्रेटरींनी ठराव नऊ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाल्याचं लिहून टाकलं. पत्ता सांगताना मेहुणी आजही "जांभळी बिल्डिंग" म्हणते आणि नवऱ्याकडे बघते.

अशा माणसालाही जोडीदार मिळाला होता. तळवलीचा त्यांचा मित्र, पूर्वी त्यांच्याच कंपनीतला. पुढे त्यानं नोकरी सोडून वाशीच्या आंबेवाल्यांच्या कोल्ड स्टोरेजवर नजर ठेवणारा प्रोग्राम तयार केला; खोली गरम झाली की भोंगा वाजतो. त्याचा गाभा पठ्ठ्यानं हातानं, असेंब्लीत लिहिला. त्यातल्या एका ओळीवरून दोघं वर्षानुवर्षं भांडत. प्रोसेसरमधला एखादा कप्पा शून्य करायला 'इथे शून्य ठेव' असं म्हणता येतं. त्याला पाच बाइट, म्हणजे पाच आकड्यांची जागा लागते. किंवा कप्पा स्वतःशीच ताडून साफ करता येतो. त्याला दोनच पुरतात. मित्रानं पाचवालं लिहिलं होतं. साडू तावातावानं म्हणायचे, "तीन बाइट फुकट घालवलेस! बापाची जहागीर आहे का?" मित्र वडापाव चावत म्हणायचा, "ऱ्हाऊ दे रं. हाय तां बरा हाय."

गेल्या वर्षी तो मित्र अचानक गेला. धंदा त्याच्या बायकोनं, वहिनींनी, हातात घेतला. आंब्याच्या हंगामाच्या तोंडावर सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकानं प्रोग्राममध्ये एक बदल मागितला. तो झाला नसता तर गिऱ्हाईक गेलं असतं आणि त्याच्यामागे धंदाही. मूळ लिखाण मित्राच्या बिघडलेल्या डिस्कमध्येच संपलेलं. उरले होते ते मशीनमधले आकडे. साडू रजा टाकून ते वाचायला बसले. "बघ, बघ, इथे कसा वळसा घेतलाय गाढवानं!" असं म्हणून हसायचे आणि मग चष्मा काढून पुसत राहायचे. अडचण जागेची होती. त्या रांगेत एक आकडा मध्ये घुसवला की पुढच्या सगळ्या उड्या, म्हणजे ते 'जंप', चुकतात. साडूंना जागा सापडली ती पाच बाइटांच्या शून्यात. त्याचं दोन बाइटांचं केलं, उरलेल्या तिनांत नवं काम बसवलं आणि म्हणाले, "शेवटी माझंच खरं झालं की नाही?"

दुसऱ्या दिवशी आम्ही वहिनींबरोबर वाशीला त्या गिऱ्हाइकाच्या कोल्ड स्टोरेजवर गेलो. मित्राची एक रीत होती. रोज सकाळी खोलीतला सेन्सर मुठीत धरून ऊब द्यायची, आणि भोंगा वाजला की मगच चहा प्यायचा. वहिनींनी ती रीत मोडली नव्हती. त्यांनी सेन्सर धरला. भोंगा गप्प.

"भावजी, ह्यो वाजत नाय," त्या म्हणाल्या. "आंबं सडलं असतं तरी कलला नसता."

साडू एका रिकाम्या क्रेटवर बसले, लॅपटॉप उघडला आणि थोड्याच वेळात त्यांचा चेहरा उतरला. प्रोसेसर तुलना करतो तेव्हा निकाल आत छोट्या झेंड्यांवर ठेवतो. मित्रानं आधी तापमान तपासलं होतं, मग शून्य ठेवलं होतं आणि नंतर झेंडा बघून भोंग्याकडे उडी मारली होती. पाच बाइटांची आज्ञा झेंड्यांना हात लावत नाही. दोन बाइटांची ते बदलून टाकते, म्हणून भोंग्याकडे उडीच पडत नव्हती.

"पहिल्याच महिन्यात शिकतात रे हे," साडू मला म्हणाले. "तो बरोबर होता. मग एकदाही बोलला का नाही?"

उत्तर वहिनींनी दिलं. "त्यांना म्हाईत होता. मना म्हनायचे, सांगितला तर भांडायला यायचा नाय तो."

साडूंनी पाच बाइट होते तिथे परत ठेवले आणि नवं काम, आधी टाळलेला लांबचा वळसा घेऊन, पार शेवटच्या मोकळ्या जागेत नेलं. मग स्वतः सेन्सर मुठीत धरला. भोंगा असा वाजला की बाहेरचे हमाल थबकले. गिऱ्हाईक टिकलं, धंदा वाचला. वहिनी बटण बंद करायला निघाल्या तेव्हा साडूंनी त्यांना हातानं थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते वाद हरले होते, आणि हे ज्याला सांगायचं तो माणूस आता नव्हता.

"थोडा वाजू द्या, वहिनी," ते म्हणाले.