आमचे व्याही सुनावणीला जातात

आमच्या ठाणे जिल्ह्यात पर्यावरणाच्या नावाने जेवढ्या म्हणून सुनावण्या झाल्या, त्यांतली एकही आमच्या व्याह्यांवाचून सुरू झालेली नाही, आणि त्यांच्यामुळे एकही वेळेवर संपलेली नाही. रस्ता रुंद व्हायचा असो, डोंगर फोडायचा असो, कुठे कारखाना वाढायचा असो, त्याची सूचना पेपरात मुंगीएवढ्या अक्षरांत छापून येते. ती वाचणारे महाराष्ट्रात दोघेच असावेत. एक तो छापणारा आणि दुसरे आमचे व्याही. माझी मुलगी त्यांच्या घरी दिली तेव्हा मला वाटलं होतं, काल्हेरच्या पलीकडची खाडीकाठची आगरी मंडळी, जमीनजुमला राखून असलेली. गप्पा होतील त्या हळदीच्या, जत्रेच्या, फार तर खाडीतल्या निवट्या मासळीच्या कालवणाच्या. कसलं काय! लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या भिवंडीच्या घरी आले ते बगलेत एका कारखान्याचा जाडजूड अहवाल घेऊन. पाणी प्यायच्या आधी म्हणाले, "व्याही, तुमी कोर्टान लिवायची नोकरी केलीव. ह्यान खरं किती नि खोटं किती, तेवढं सांगा." मी निवृत्त लेखनिक. जन्मभर दुसऱ्यांचे जबाब उतरवून घेतले. आता घरबसल्या व्याह्यांचे घ्यायची वेळ आली.

सुनावणीचा त्यांचा पोशाख ठरलेला. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरी पँट, गळ्यात सोन्याची जाड साखळी आणि पायात मात्र रबरी चपला, कारण चिखल कुठे लागेल सांगता येत नाही. अहो, मंगल कार्यालयात कसला आलाय चिखल? पण ऐकतील तर शपथ. हजेरीच्या कागदावर पहिली सही त्यांचीच पाहिजे. एकदा दुसऱ्या तालुक्यात खाणीच्या सुनावणीला आम्ही तासभर आधी पोचलो, तरी कागदावर एक सही होतीच. व्याह्यांचा चेहरा उतरला. चौकशी केली तेव्हा तो मांडववाला निघाला. खुर्च्या पोचवल्याची सही त्याने चुकून तिथे ठोकली होती. व्याह्यांनी त्याला शोधून आणला, सही खोडायला लावली आणि मगच बसले. टेबलावरच्या प्लास्टिकच्या बाटल्या बघून दरवेळी नव्याने संतापतात आणि घरून आणलेला तांब्या सगळ्यांना दिसेल असा पुढ्यात ठेवतात. बटाटेवडा समोर आला तर हात लावत नाहीत. "यांचा वडा खाल्ला का तोंड बंद. आदी बोलू, मंग खाऊ." बोलून होईपर्यंत वडे संपलेले असतात. मग येताना नाक्यावर गाडी थांबवून ते चार वडे खातात, त्यांतला एक माझ्या वाट्याचा.

बोलायला तीन मिनिटं मिळतात. व्याह्यांना नुसत्या नमस्कारालाच तेवढी लागतात. म्हणून ते माझ्या लेकीच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्यांवर तालीम करतात. पहिल्या शिट्टीला नमस्कार, दुसरीला खाडी, तिसरीला मागणी. लेक म्हणते, "बाबा, पप्पांच्या भाषणात डाळीचा लगदा होतो, पण मुद्दा कच्चाच राहतो." आणि प्रत्यक्ष सुनावणीत तर दर वाक्यानंतर थांबून कोपऱ्यात टिपण घेणाऱ्याला विचारायचं, "लिवलं का?" तो बिचारा मान हलवतो. तरी हे उठून त्याच्या वहीत डोकावून येतात. बोललेलं वाऱ्यावर जातं आणि लिहिलेलं राहतं, यावर त्यांची जेवढी श्रद्धा आहे तेवढी माझीही नव्हती, आणि मी तर त्यावर पोट भरलेलं.

पण खाडीचा विषय निघाला की मस्करी संपली. भरती किती वाजता, हे मोबाइलवर बघणाऱ्या माणसाची त्यांना कीव येते. तिथी विचारतात, तिची पाऊणपट करतात, खाडीत आत यायला थोडा वेळ वर धरतात आणि सांगतात, अमुक वाजता पाणी देवळाच्या पायरीला. मी घड्याळ लावून बसलोय, पाच-दहा मिनिटांच्या वर चुकलेले नाहीत. पुनव-अवसेला उधाण, मोठं पाणी. अष्टमीला भांग, म्हणजे पाणी खाडीच्या पोटातच राहतं. एकदा त्यांनी कचेरीत फोन लावून चक्क सांगितलं, "सायेब, सुनावनी पुनवंला ठेवा आनि आमचे गावान ठेवा. पाय भिजले का मना बोलायची गरज न्हाय." पलीकडच्या साहेबांनी फोन ठेवला. ह्यांनी पुन्हा लावला. तीन दिवस लावत होते.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर त्यांच्या गावाची खालची आळी. गेली काही वर्षं उधाण आलं की तिथल्या घरांत गुडघाभर खारं पाणी शिरतं. चूल विझते, धान्य नासतं, भिंतींना पोपडे धरतात. समुद्र वर येतोय, पाऊस एकदम कोसळतो, हे सगळं खरंच. पण त्याच्या जोडीला खाडीचे जे लहान लहान फाटे पूर्वी पाणी पोटात घ्यायचे, ते गोदामांसाठी भराव टाकून बुजवले गेले. मग विधिमंडळाची एक समिती वातावरणीय बदलावर लोकांचं म्हणणं ऐकायला भिवंडीत येणार असं जाहीर झालं, आणि व्याह्यांना सणच आला. मागणी एकच: बुजलेले फाटे पुन्हा मोकळे करा. निवेदन अर्थातच मी लिहायचं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मला मान खाली घालावी लागते. त्या बुजलेल्या फाट्यांतल्या एकावर व्याह्यांचंच गोदाम उभं आहे. ते आमचे जावई सांभाळतात. माझ्या लेकीचं घर त्यावर चालतं, नातवाची शाळा त्यावर चालते. गोदाम उभं राहिलं, त्याच्या पुढच्याच उधाणाला पाणी पहिल्यांदा खालच्या आळीत शिरलं, आणि व्याही सुनावण्यांना जायला लागले तेही तेव्हापासूनच. हे दोन्ही मला ठाऊक होतं. तरी मी निवेदन असं काही घोटून लिहिलं की जिल्ह्यातल्या साऱ्या भरावांचा त्यात उल्लेख आला आणि हा एक तेवढा गळला. व्याह्यांनी ते दोनदा वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं. मला वाटलं, सुटलो.

सुनावणी भिवंडीतल्याच कामतघरच्या एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं व्यासपीठावर तशीच लोंबत होती आणि त्यांच्याखाली समितीचे सदस्य नवरदेवासारखे अवघडून बसले होते. बाहेर पॉवरलूमची खडखड चालू. व्याह्यांची पहिली सही झाली, तांब्या पुढ्यात आला. नाव पुकारलं तसे उठले, माझा कागद काढला, पहिली चार वाक्यं खणखणीत वाचली. मागून एक लूम कामगार ओरडला, "वा चाचा, एकदम बराबर!" मी खूश झालो. तेवढ्यात अध्यक्षबाईंनी सहज विचारलं, "काका, हे फाटे बुजत होते तेव्हा कुणी पाहणीला आलं नाही का हो?"

व्याह्यांनी कागद खाली ठेवला.

"आलते ना, बाई. मीच बोलावलं. माज्या गोदामाचा भराव हाय, गावाच्या फाट्यावर. सायेब लोकांना मी अष्टमीला बोलावलं. त्या दिसाला पानी येत न्हाय, ह्ये मना ठावं व्हतं. त्यांना न्हाय. त्यांनी कोरडी जमीन बघितली नि गेले. ज्या तिथ्या बापानं होड्या लावायला शिकवल्या, त्या मी ह्याला वापरल्या. फाटे मोकले करायचे तर पयला माजा करा." मग टिपण घेणाऱ्याकडे वळून, त्याच नेहमीच्या आवाजात, "लिवलं का?"

तो टिपणवाला अध्यक्षबाईंकडे बघायला लागला. जावई दाराशी उभे होते, ते तडक बाहेर गेले आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं. राग आला, खोटं कशाला सांगू! अरे, जरा माझ्या मुलीचा तरी विचार करायचा! त्या दिवशी येताना आम्ही रिक्षाने आलो, वड्यांसाठी कोणी थांबलं नाही.

पुढचे दोन महिने त्या घरात माझी लेक सोडून कोणी कोणाशी बोलेना. जावई बापासमोर ताटावर बसायचे नाहीत. समितीचा अहवाल काही आला नाही, आणि व्याही वाट बघत बसणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी गोदामाच्या मागचं आवार रिकामं करून घेतलं, माल पुढे हलवला, आणि मला फोन केला, "रविवारी या. मागली भिंत पाडून भराव उकरनार हाय. गोदाम अर्धं ऱ्हायलं तरी चालंल." गेलो. बघतो तर सत्तरी गाठलेला हा माणूस पांढरा सदरा खोचून, गावातल्या दोन गड्यांबरोबर हातात फावडं घेऊन उभा. एवढा भराव फावड्याने निघायला आणखी एक जन्म लागला असता. मी म्हटलं, "व्याही, उकरायचं मशीन तरी सांगायचं होतं." म्हणाले, "मशीनवाले समदे पोराचे दोस्त. त्याला इचारल्याबिगर कोन येनार?" आणि पुन्हा फावडं मारलं.

दहाच्या सुमाराला मागच्या रस्त्याने मशीन आलं. चालकाशेजारी जावई. खाली उतरले, बापाकडे बघितलंसुद्धा नाही. चालकाला हाताने जागा दाखवली, कुठून कुठपर्यंत उकरायचं ते पावलं टाकून आखून दिलं आणि बाजूला पाठ करून उभे राहिले. दुपारपर्यंत काळा चिखल लागला, ओला, जुन्या खाडीच्या वासाचा. भरतीचं पाणी यायला अजून दोन तास होते. शेजारचे दोन भराव तसेच होते आणि खालची आळी काही एवढ्याने कोरडी राहणार नाही, हे व्याह्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं. पुढच्या सुनावणीची सूचना त्यांच्या खिशात होतीच. पण त्या वेळी त्यांचं लक्ष ना खड्ड्याकडे होतं, ना माझ्याकडे. ते मुलाच्या पाठीकडे बघत होते. मी जवळ गेलो तसे हळूच म्हणाले, "अजून बोलला न्हाय, व्याही." जरा वेळाने डोळे पुसले, सदऱ्याच्या बाहीला चिखल लागला होता तो गालाला लागला. "पन आला."