मैलिसने राखलेली द्राक्षं

मोनेन गावच्या टेकड्यांवरचे बहुतेक द्राक्षमळे नोव्हेंबर लागेपर्यंत रिकामे व्हायचे. मैलिस कासूच्या मळ्यात मात्र सोनेरी घड तसेच लोंबत असायचे, सुरकुतलेले, बेदाणे व्हायला आलेले. छोटा मानसेंग नावाचं ते द्राक्ष. जाड सालीचं, चिवट. दक्षिणेचा गरम वारा डोंगर ओलांडून आला की त्यातलं पाणी आटतं, गोडी उरते आणि आंबटपणाही तसाच टिकतो. त्यातूनच गोड पांढरी ज्युरांसों वाइन होते.

बेर्नात हा तिचा नवरा वारला तेव्हा मैलिस चाळिशीची होती. धाकटा दीर आर्नो शेजारीच मका पिकवायचा आणि बदकं पाळायचा. गावात तेव्हा मक्याचीच लाट होती.

"वहिनी, उपटा ते वेल," तो म्हणाला. "मका लावा आणि निवांत झोपा."

"भावजी, मका तुमच्या बदकांना घाला. माझं मी बघते."

पहिल्याच वर्षी तिने नवऱ्यासारखीच घड सुकायची वाट पाहिली आणि पावसाने घात केला. झड लागली ती थांबेचना. घडांवर बुरशी चढली. मैलिसने सडलेले घड एकटीने तोडून बांधावर टाकले. वाइन नावापुरतीच झाली. आर्नो म्हणाला, "सांगत होतो ना?"  त्या हिवाळ्यात ती कोबी-घेवड्याच्या सूपावर राहिली, आणि फेब्रुवारीत पुन्हा छाटणीला उभी राहिली.

पुढच्या वर्षी आभाळ स्वच्छ राहिलं, पण द्राक्षं टिपणाऱ्या भोरड्यांचे थवे आले. मैलिस तांब्याचं पातेलं बडवत ओळीओळीतून फिरायची. एका सकाळी उतारावर पाय मुरगळला. तशीच लंगडत तिने स्वयंपाकघरातली खुर्ची मळ्यात नेली आणि बसल्या बसल्या पातेलं बडवू लागली.

ट्रॅक्टरवरून जाणारा आर्नो थांबला आणि खो खो हसत सुटला. "वहिनी, बुजगावणं झालात की!"

"हसा. पण खालचं टोक मोकळं पडलंय. तिथे दुसरं बुजगावणं लागेल."

"मी? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, कासूंच्या घरात अजून एक शहाणा निघाला."

आर्नोने इंजिन बंद केलं. रॉकेलचा रिकामा डबा काढला आणि खाली जाऊन असा बडवला, की भोरड्याच काय, पलीकडच्या मळ्यातला कुत्राही पळाला. दुसऱ्या दिवशी न बोलावता आला. मग रोजच येऊ लागला.

डिसेंबरात, डोंगरावर बर्फ दिसत असताना, दोघांनी घड तोडले. रस मधासारखा दाट, पण अगदी थोडा.

पिंपात मुरून वाइन तयार व्हायला दीड वर्ष गेलं. एका रविवारी मैलिसने दिराच्या घरच्यांना जेवायला बोलावलं. नदीतल्या ट्राउट माशाबरोबर तिने लवकर तोडलेल्या द्राक्षांची कोरडी, गोडी नसलेली वाइन दिली. जेवण संपता संपता डोंगरातल्या मेंढीच्या दुधाचं खारट, टणक चीज कापलं आणि गोड वाइन ओतली.

"गोड वाइन केकबरोबर घेतात ना?" जाऊबाई म्हणाली.

"साखरेवर गूळ कशाला? खाऱ्याबरोबर घेऊन बघ."

आर्नो जन्मभर लाल वाइनच पिणारा. त्याने चीजचा तुकडा चावला आणि एक घोट घेतला. आधी मध, मग लिंबासारखी चमक, मग परत खारट तुकडा हवासा वाटणं. त्याने निमूट ग्लास पुढे केला. मैलिसने तो भरला. टोमणा तिच्या ओठांवर आला होता, पण तिने तो गिळला.

तोंडाने त्याने कधी कौतुक केलं नाही. पण पुढच्या वसंतात तिच्या कुंपणालगतच्या पट्ट्यात त्याने मका पेरलाच नाही. मानसेंगची कलमं आणून लावायला घेतली. मैलिस कमरेवर हात ठेवून बघत होती.

"भावजी, ओळ वाकडी जातेय."

"मग तुम्हीच या की दोरी धरायला!"

तिने जाऊन दोरीचं टोक धरलं.